ट्रायलमध्ये जावं का? संमतीपत्र शेवटच्या पानापासून वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ८५ किलो, म्हणजे बीएमआय ३३ च्या आसपास. मधुमेह नाही, रक्तदाब जरा वरच्या अंगाला. वजन कमी करणाऱ्या एका नव्या इंजेक्शनची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल सुरू होते आहे. ती ७२ आठवडे चालेल, आठवड्यातून एकदा पोटावर स्वतःच टोचून घ्यायचं आणि तिघांतल्या एकाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं हुबेहूब तसंच इंजेक्शन, मिळणार. नवरा म्हणतो, "स्वतःवर प्रयोग कशाला करून घेतेस?" मैत्रीण म्हणते, "एवढं महागडं औषध फुकट मिळतंय, डोळे झाकून सही कर." तुम्ही विचारता, दोघांपैकी कुणाचं ऐकू?

माझ्या मते दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. पण त्याआधी माझ्याबद्दल एक सांगून टाकतो. मी हार्मोन्सचा डॉक्टर. लठ्ठपणावरच्या बऱ्याच ट्रायल्समध्ये संशोधक म्हणून काम केलंय, आणि काही वर्षं एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर, बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचलेत. कंपनीने प्रायोजित केलेल्या ट्रायलमध्ये केंद्राला प्रत्येक सहभागी व्यक्तीमागे पैसे मिळतात. म्हणजे तुम्ही "हो" म्हणावं यात समोरच्या डॉक्टरचा थोडाफार स्वार्थ असतो, अगदी तो भला माणूस असला तरी. माझाही असायचा. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

मुळात ट्रायल तुम्हाला बारीक करण्यासाठी नसते. तिला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि त्या उत्तरासाठी तुमची मदत हवी असते. वाचताना हे सरळ वाटतं, पण प्रत्यक्षात भलेभले विसरतात. दवाखान्यात मी तुमच्याकडे बघून डोस ठरवतो. मळमळ होतेय का? थांबू दोन आठवडे. फरक पडत नाही? औषध बदलू. ट्रायलमध्ये माझ्या हातात प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, असतो आणि तो तुम्ही दारात यायच्या कितीतरी आधी लिहून झालेला असतो. त्रास फारच झाला तर डोस थांबवायची किंवा कमी करायची मुभा असते, पण तीही प्रोटोकॉलमध्ये लिहिली असेल तेवढीच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ पॉल अपेलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गोंधळाला नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ साधारण "संशोधनालाच उपचार समजणं" असा होईल. कागदावर "हा संशोधनाचा भाग आहे, मला समजलं" अशी सही केलेली माणसंसुद्धा मनातून "डॉक्टरांनी माझ्यासाठी चांगलंच निवडलं असणार" असं धरून चालतात. कुठल्या गटात कोण जाणार हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. डॉक्टर काहीही निवडत नाही.

एक बाई आठव्या महिन्यात माझ्यासमोर बसून रडल्या होत्या. वजन तिळभर हललं नव्हतं. "डॉक्टर, डोस वाढवा ना." मी वाढवू शकत नव्हतो. त्यांना औषध मिळतंय की प्लासिबो, हे मलाही माहीत नव्हतं. डबल ब्लाइंड म्हणजे हेच, त्यांच्याही डोळ्यावर पट्टी आणि माझ्याही. त्या दिवशी मला कळलं की सुरुवातीला मी हे त्यांना सांगितलं होतं खरं, पण समजावलं नव्हतं.

आता प्लासिबोचं बोलू, कारण तुमचा निर्णय बराचसा तिथेच होणार आहे. सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची स्टेप-१ ही ट्रायल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची रचना तुमच्या ट्रायलसारखीच होती: १,९६१ माणसं, ६८ आठवडे, दोघांना औषध तर एकाला प्लासिबो. औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, प्लासिबोवाल्यांचं २.४ टक्के. तुमच्या ८५ किलोंवर मांडलं तर एका बाजूला साडेबारा किलोंहून थोडं जास्त आणि दुसऱ्या बाजूला दोन किलो. मैत्रिणीच्या डोक्यात पहिला आकडा आहे. तुमच्या वाट्याला दुसरा यायची शक्यता तीनात एक आहे, आणि ती काही किरकोळ नाही.

सरासरी आकडा आणखी एक गोष्ट झाकतो. त्याच ट्रायलमध्ये औषध मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के लोकांचं वजन ५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी झालं. उलटून वाचा: खरं औषध घेऊनही सातातल्या जवळपास एकाला तेवढंही जमलं नाही. आणि प्लासिबो गटातल्या ३१.५ टक्के लोकांना ५ टक्क्यांचा टप्पा गाठता आला. त्यांना औषधाचा रेणूही मिळाला नव्हता. पण दर ४ आठवड्यांनी आहाराचा सल्ला मिळत होता, रोज ५०० कॅलरी कमी खायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असं लक्ष्य होतं, आणि कुणीतरी नियमाने वजन करून विचारपूस करत होतं. ही विचारपूस फुकट जात नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

म्हणून मी इच्छुकांना एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर घरी जाऊन द्यायला सांगतो. समजा साडेसोळा महिन्यांनी लिफाफा उघडला आणि कळलं की तुम्ही दर आठवड्याला नुसतं द्रावण टोचून घेत होतात. तुम्हाला फसल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल तर जाऊ नका. "वाईट वाटेल, पण तपासण्या झाल्या, शिस्त लागली, आणि त्या आकड्यांमध्ये मीही आहे" असं मनापासून म्हणता येत असेल तर पुढचं वाचा.

(बहुतेकांना वाटतं की आपल्याला कोणता गट मिळालाय ते आपण ओळखू. मळमळ झाली म्हणजे औषध, नाही झाली म्हणजे प्लासिबो. स्टेप-१ मध्ये औषधवाल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना मळमळ झाली आणि प्लासिबोवाल्यांपैकी १७.४ टक्क्यांना. म्हणजे मळमळ न झालेले औषधवाले भरपूर आणि मळमळ झालेले प्लासिबोवालेही कमी नाहीत. अंदाज बांधून औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांत नेमके औषधवाले निघालेले मी पाहिलेत.)

प्लासिबोची खरी किंमत मात्र वेगळीच असते. ट्रायल चालू असताना तुम्हाला वजनाचं दुसरं कोणतंही औषध घेता येणार नाही. आज मान्यता मिळालेली औषधं तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली असती आणि ती तुम्हाला परवडली असती, तर ट्रायलमध्ये जाऊन तुम्ही खात्रीची गोष्ट सोडून चिठ्ठी उचलताय. ती औषधं तुमच्या आवाक्याबाहेर असतील तर हिशेब उलटा होतो. तीनात दोन ही शक्यता शून्यापेक्षा बरीच बरी. मैत्रिणीचं "फुकट" हे या दुसऱ्या परिस्थितीत खरं ठरतं, पहिल्यात नाही. तुमच्या पत्रात याबद्दल काहीच नाही, त्यामुळे ट्रायलच्या केंद्रावर जाण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "ट्रायल नसती तर तुम्ही माझ्यासाठी काय केलं असतं?"

नवऱ्याची भीती अस्थानी नाही. वजनाच्या औषधांचा इतिहास काळवंडलेला आहे. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून गेलं, हृदयाच्या झडपा खराब होत असल्याचं दिसल्यामुळे. रिमोनाबंटची विक्री युरोपात २००८ मध्ये थांबली, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे. सिब्युट्रामिन २०१० मध्ये गेलं, लॉर्केसेरिन २०२० मध्ये. ही सगळी मान्यता मिळालेली औषधं होती, डॉक्टर लिहून देत होते, लोक विश्वासाने घेत होते. आता यातली गंमत बघा. सिब्युट्रामिनने हृदयविकाराचा धोका वाढतो हे सुमारे १०,००० लोकांच्या स्काउट नावाच्या ट्रायलमध्ये सापडलं. लॉर्केसेरिन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण ७.७ टक्के आणि प्लासिबोवाल्यांमध्ये ७.१ टक्के, हा बारीकसा फरक १२,००० लोकांना काही वर्षं पाहिल्यावर दिसला. दवाखान्यात बसलेल्या एकाही डॉक्टरला तो उभ्या जन्मात दिसला नसता. म्हणजे धोका ट्रायलच्या आतही होता आणि बाहेरही होता, पण आतल्या माणसांवर कुणीतरी लक्ष ठेवून होतं. "प्रयोग करून घेऊ नकोस" म्हणणाऱ्या नवऱ्याला हे जरूर सांगा. त्याचबरोबर हेही सांगा की लक्ष ठेवल्याने इजा टळतेच असं नाही, कित्येकदा ती फक्त लवकर कळते.

कोणता टप्पा, यावर बरंच अवलंबून आहे. पहिल्या टप्प्यात मूठभर लोक असतात, औषध माणसाला सोसतं का आणि किती, एवढंच बघायचं असतं. तिथे वजन कमी होण्याच्या आशेने जाऊच नये. दुसऱ्यात काहीशे लोक आणि डोस शोधण्याचं काम. तिसऱ्यात हजारो. तुमची ट्रायल तिसऱ्या टप्प्यातली आहे, म्हणजे औषध तुमच्याआधी बऱ्याच लोकांच्या अंगातून गेलंय. तरी "सुरक्षित सिद्ध झालं" असा त्याचा अर्थ होत नाही. डॅनुग्लिप्रॉन नावाची, सेमाग्लुटाइडच्याच कुळातली गोळी कित्येक वर्षांच्या कामानंतर एप्रिल २०२५ मध्ये सोडून देण्यात आली, कारण एका सहभागी व्यक्तीच्या यकृताला औषधामुळे इजा झाल्याची शक्यता दिसली. औषध बंद केल्यावर ती व्यक्ती बरी झाली. एका माणसावरून एवढा मोठा निर्णय झाला, याचा मला खरंतर दिलासा वाटतो.

टप्पा कळल्यावर विचारा की औषध कोणत्या कुळातलं आहे. आधीपासून माहीत असलेल्या जीएलपी-१ घराण्यातलं (भूक कमी करणाऱ्या आतड्यातल्या हार्मोनची नक्कल करणारं, सेमाग्लुटाइडसारखं) असेल तर त्रास बहुतांशी ओळखीचे असतात: मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, विशेषतः डोस वाढवण्याच्या आठवड्यांत. म्हणूनच डोस पायऱ्या-पायऱ्यांनी चढवतात. सेमाग्लुटाइडच्या वेळी ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ पर्यंत जायला १६ आठवडे घेतले होते. पित्ताशयाच्या तक्रारीही वाढतात, आणि वजन कोणत्याही मार्गाने भराभर उतरलं तरी पित्ताचे खडे होण्याचा संभव असतोच. चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. अगदीच नव्या कुळातलं औषध असेल तर हे काहीच गृहीत धरू नका आणि आधीच्या टप्प्यांत काय दिसलं ते तोंडी विचारा. संमतीपत्रात ते असतं, पण "क्वचित", "कधीकधी" अशा शब्दांत. आकडे मागा. शंभरातल्या किती जणांना झालं, प्लासिबोवर किती जणांना झालं, आणि किती जणांनी त्रासामुळे औषध सोडलं? तिसरा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. मळमळ झाली असं सांगणं आणि मळमळीने औषध सोडणं यांत खूप अंतर आहे. स्टेप-१ मध्ये मळमळ चाळीस टक्क्यांच्या वर होती, पण पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडणारे ४.५ टक्केच निघाले.

तुमचं वय ४१ आहे, म्हणून गर्भधारणेचा विषय स्पष्ट बोलायला हवा. अशा ट्रायलमध्ये परिणामकारक गर्भनिरोधक वापरण्याची अट असते आणि ठरावीक भेटींना चाचणी होते. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या किमान २ महिने आधी थांबवायला सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात, हे बायकांना कुणी सांगत नाही. टिर्झेपटाइड हे वजनाचं दुसरं इंजेक्शन घेताना, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवताना, गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, हेही नाही. मूल हवं असा विचार पुढच्या दोन वर्षांत डोकावण्याची शक्यता असेल तर हा विषय इथेच संपला, ट्रायल तुमच्यासाठी नाही.

स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीत, खरं बोला. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. लोक निवड व्हावी म्हणून लपवतात. स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, घरातला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर, नैराश्याच्या गोळ्या, खाऊन मुद्दाम उलटी काढण्याची सवय. एका गृहस्थांनी स्वादुपिंडाचा जुना आजार सांगितला नव्हता. चौथ्या महिन्यात पोटदुखीने रुग्णालयात भरती झाल्यावर त्यांच्या भावाने सहज बोलता बोलता सांगितलं. ते बरे झाले, पण आठवडा वाईट गेला, त्यांचा आणि माझाही. निवडीचे निकष नोकरीच्या मुलाखतीसारखे नसतात, ते "या माणसाला या औषधाने इजा होऊ शकते" असं आधीच सांगणारी यादी असते. मनःस्थितीची जी लांबलचक प्रश्नावली भरायला देतात, तिच्यातले आत्महत्येबद्दलचे प्रश्न वाचून लोक बिचकतात. ते प्रश्न रिमोनाबंटच्या अनुभवाने शिकवलेत. रागावू नका, नीट भरा.

आणखी एक बारकावा. बऱ्याच ट्रायल्समध्ये गेल्या ९० दिवसांत वजनात ५ किलोंपेक्षा जास्त फरक पडलेला चालत नाही. ट्रायल सुरू होणार म्हणून आधीच उपाशी राहून "तयारी" करणारे याच निकषावर बाहेर पडतात.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगतो, कारण जाहिरातीत "नियमित भेटी" एवढे दोनच शब्द असतात. सकाळी उपाशीपोटी पोचायचं. अंगावर पातळ गाऊन, बूट-मोजे काढून, आधी लघवीला जाऊन मग काट्यावर उभं राहायचं, कारण वजन एका दशांशापर्यंत लिहायचं असतं आणि दर वेळी त्याच काट्यावर. मग कंबर. कोऑर्डिनेटर शेवटची बरगडी चाचपते, कमरेचं हाड चाचपते, दोन्हींच्या मधोमध टेप लावते आणि तुम्ही पोट आत ओढलेलं तिला बरोबर कळतं. पाच मिनिटं शांत बसवून रक्तदाब, तोही एकापेक्षा जास्त वेळा. रक्ताच्या चार-सहा नळ्या, कधी ईसीजी. मग पिशवीतून आणलेली इंजेक्शनची रिकामी पेनं टेबलावर मांडायची. ती मोजली जातात, आणि एक कमी भरलं तर "कुठल्या आठवड्याचं राहिलं?" हा प्रश्न येतो. प्रवासात होते, विसरले, फ्रिजबाहेर राहिलं, जे असेल ते सांगायचं. शेवटी डायरी आणि प्रश्नावल्या. अर्धा दिवस धरून चाला. सुरुवातीच्या महिन्यांत भेटी जवळजवळ असतात, नंतर विरळ होतात. भेटींचं पूर्ण वेळापत्रक सही करण्यापूर्वी मागून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर मांडून बघा. मुलांच्या परीक्षा, नोकरीतले गर्दीचे महिने, म्हाताऱ्यांची आजारपणं. ट्रायल सोडणारी पुष्कळ माणसं औषधाला कंटाळून जात नाहीत, वेळापत्रकाला कंटाळून जातात. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळते का, हे विचारताना संकोच करू नका.

शीर्षकात शेवटच्या पानांचा उल्लेख केलाय तो यासाठी. संमतीपत्र वीस-पंचवीस पानांचं असतं. पहिल्या पानांवर औषधाची ओळख आणि उद्देश, छान भाषेत लिहिलेला. तिथे माणसाचं लक्ष ताजं असतं. इजा झाली तर खर्च कोण करणार, नमुने किती वर्षं ठेवणार, जनुकीय तपासणी होणार का, ट्रायल संपल्यावर काय, हे बहुतेक वेळा मागे जातं आणि तिथवर पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. म्हणून उलट्या क्रमाने वाचा. मी कमिटीवर असताना प्रस्ताव असेच वाचायचो आणि निम्मे आक्षेप मागच्या पानांवरच निघायचे. इजेच्या कलमात बघायचं ते असं: उपचाराचा खर्च प्रायोजक करणार आहे की तुमच्या विम्यावर टाकणार आहे? "योग्य वाटल्यास" असा शब्दप्रयोग असेल तर कुणाला योग्य वाटल्यास, हे विचारा. जनुकीय नमुन्यांना बहुधा वेगळी सही असते आणि तिथे "नाही" म्हणूनही मुख्य ट्रायलमध्ये जाता येतं. लोकांना ते ठाऊक नसतं.

आणि मग शेवटचं इंजेक्शन. याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचंय.

स्टेप-१ संपल्यावर ३२७ जणांना औषध बंद करून आणखी एक वर्ष पाहिलं गेलं. औषधवाल्यांचं जेवढं वजन उतरलं होतं त्यातलं दोन-तृतीयांश वर्षभरात परत आलं. टिर्झेपटाइडच्या सरमाउंट-४ या ट्रायलमध्ये सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, वजन सरासरी २०.९ टक्के उतरलं, आणि मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्लासिबोवर नेलं. पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी थोडं उतरलं. ही माणसं आळशी झाली म्हणून असं घडलं नाही. भूक आणि तृप्ती सांभाळणारी यंत्रणा शरीरात असते, औषध तिच्यावर हात ठेवून असतं. हात काढला की ती मूळ जागी येते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढतो, तेव्हा आपण रोग्याला दोष देत नाही. इथे मात्र देतो, आणि रोगी स्वतःलाही देतो.

माझ्याकडच्या एका ट्रायलमध्ये एका सहभागी बाईंचं वजन १७ किलो उतरलं होतं. शेवटच्या भेटीला त्या सगळ्या स्टाफचे आभार मानून गेल्या. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "डॉक्टर, सकाळी उठल्यापासून डोक्यात परत तेच. काय खाऊ, कधी खाऊ. वर्षभर हे गेलं होतं, मला वाटलं मी सुधारले." त्यांची नोंद बंद झाली होती, ट्रायलचं काम संपलं होतं, औषधाला अजून मान्यता नव्हती आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे अधिकृतपणे काहीही नव्हतं. त्यांना माझ्या नेहमीच्या दवाखान्यात बोलावून घेतलं, जमलं तेवढं केलं. वर्षभरात ११ किलो परत आले. मी तेव्हा त्यांना आधीच सांगायला हवं होतं की हे होणार आहे, ठरलेलं आहे, तुमच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही. नाही सांगितलं. तेव्हापासून मी हे पहिल्या भेटीत सांगतो, आणि काही जण तेवढ्यावरूनच परत जातात. जाऊ देत.

हेलसिंकीचा जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं, जो १९६४ पासून आहे आणि २०२४ मध्ये शेवटचा सुधारला गेला, त्यात स्पष्ट आहे की ट्रायलनंतर सहभागी लोकांसाठी काय सोय असेल हे आधीच ठरवून संमती घेताना सांगितलं पाहिजे. म्हणजे विचारणं हा तुमचा हक्क आहे. काही ट्रायल्सना जोडून पुढचा ओपन लेबल भाग असतो, तिथे सगळ्यांना खरं औषध मिळतं, प्लासिबोवाल्यांनाही. तुमच्या ट्रायलमध्ये तो आहे का? नसेल तर बंद केल्यानंतर निदान काही महिने रक्तदाब आणि वजन कोण बघणार? आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सारांशपत्र जाणार का? तुमच्यासाठी रक्तदाबाचा भाग महत्त्वाचा आहे. वजन उतरताना रक्तदाब उतरतो, कधीकधी चालू गोळी कमी करावी लागते, आणि वजन परत येताना तोही हळूच परत येतो. दोन डॉक्टरांच्या मधल्या फटीत हे हमखास हरवतं.

मधेच सोडता येतं का? येतं, कधीही, कारण न देता, आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. इंजेक्शन थांबवणं म्हणजे ट्रायल सोडणं नव्हे. औषध नको झालं तरी भेटींना येत राहता येतं आणि संशोधनाच्या दृष्टीने ते फार मोलाचं असतं, कारण ज्यांना त्रास झाला तेच गायब झाले तर उरलेल्यांचे आकडे खोटे गोड दिसतात. आणि फोन न उचलता नाहीसं होऊ नका, विशेषतः काही दुखत असेल तर.

खोट्या ट्रायल ओळखणं त्या मानाने सोपं आहे. तुमच्याकडूनच पैसे मागितले, किलोंची हमी दिली, एथिक्स कमिटीचं नाव किंवा सार्वजनिक नोंदणीचा क्रमांक सांगता आला नाही, किंवा "आजच सही करा, दोनच जागा उरल्यात" म्हणाले, तर उठून या. संमतीपत्र घरी नेऊ देत नसतील तरी उठून या.

तुमच्या जागी मी असतो तर? तिसरा टप्पा, ओळखीच्या कुळातलं औषध, पुढचा ओपन लेबल भाग आहे, आणि सध्या बाजारातलं औषध परवडत नाही, अशी स्थिती असती तर मी गेलो असतो. यातलं ओपन लेबल नसतं तर विचार करून गेलो असतो. औषध परवडत असतं आणि डॉक्टर द्यायला तयार असते तर गेलो नसतो. आणि घरातल्या एखाद्या कार्यापर्यंत बारीक दिसायचंय एवढंच कारण असतं, तर अजिबात नाही. त्या गरजेशी ट्रायलचं वेळापत्रक जुळत नाही.

नवऱ्याला संमतीच्या भेटीला बरोबर न्या. विरोध करणारा माणूस खोलीत असला की प्रश्न चांगले निघतात. माझ्याकडे असेच एक गृहस्थ बायकोबरोबर आले होते, हाताची घडी घालून बसलेले. मी पाऊण तास समजावलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री दोन वाजता हिला उलट्या थांबेनाशा झाल्या तर मी फोन कुणाला करू?" मी अभिमानाने संमतीपत्राच्या शेवटच्या पानावरचा चोवीस तासांचा नंबर दाखवला. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच तो नंबर लावला. शेजारच्या खोलीत, कोऑर्डिनेटरच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये फोन वाजायला लागला. आम्ही तिघं तो थांबेपर्यंत ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी मी तो फोन घरी न्यायला लागलो, आणि त्या बाईंनी त्यानंतरच्या आठवड्यात सही केली.